जुन्या गाडीचं रूफ लायनिंग स्वतः बदलायचंय? काढण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं सविस्तर

जुन्या गाडीचा रंग केला, सीटं नवी केली, क्रोम चमकवलं, आणि आत बसलं की डोक्यावर तोच जुना झोळ आणि कडेला निघालेलं कापड, मग गाडी पूर्ण झाल्यासारखी वाटतच नाही. बरेच जण नेमके इथेच अडतात कारण लायनिंगचं काम फार अवघड असं ऐकलेलं असतं. तसं ते अवघड नाहीये, चिवट आहे. दोन दिवस निवांत हाताशी असतील आणि मदतीला एक माणूस असेल तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही चांगलं जमतं, फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, ग्लू लावणं हे यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम आहे. खरं काम म्हणजे जुनं काढताना नीट बघणं, खुणा करणं, आणि नवीन लायनिंग ग्लू न लावता नुसतं चिमट्यांवर टांगून बसवून बघणं. ज्यांची लायनिंग बिघडलेली मी पाहिलीत त्यातल्या बहुतेकांची ग्लूचा डबा उघडायच्या आधीच बिघडलेली होती.

आधी आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे ते बघा. साधारण १९७० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत, म्हणजे बीटल, जुनी मिनी, सुरुवातीच्या मस्टँग वगैरे, टांगलेलं लायनिंग असतं. छताच्या पत्र्याखाली आडव्या वाकवलेल्या लोखंडी सळ्या असतात, त्यांना बो म्हणतात, लायनिंगच्या पाठीला आडवे नेफे शिवलेले असतात आणि लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवतो तशी प्रत्येक नेफ्यात एकेक सळी ओवलेली असते. सळीची दोन्ही टोकं बाजूच्या पट्टीतल्या भोकांत अडकतात, आणि कडा चारी बाजूंनी पत्र्याच्या ओठावर चिकटवलेल्या किंवा टाचलेल्या असतात. दुसरा प्रकार नंतरच्या गाड्यांतला, साच्यात दाबून केलेला एक बोर्ड आणि त्यावर फोम लावलेलं कापड चिकटवलेलं. खालून बोटाने हळूच दाबून बघा, मधे पोकळ लागलं आणि आडव्या शिवणी दिसल्या तर पहिला प्रकार. हा लेख मुख्यतः त्याबद्दलच आहे कारण खरी कसोटी तिथे लागते, बोर्डवाल्याचं शेवटी सांगतो.

सामान काय लागतं

ट्रिम म्हणजे आतली कव्हरं आणि पट्ट्या काढायचे प्लास्टिकचे चपटे टूल, स्क्रू ड्रायव्हर, नवीन पात्यांचा कटर, धारदार कात्री, दाभण, खडू, मास्किंग टेप, मार्कर, आणि चिमटे. चिमटे भरपूर घ्या, तीस-चाळीस तरी, कागद धरायचे काळे पोलादी चिमटे सगळ्यात उत्तम, कपड्यांचे लाकडी चिमटेही चालतात पण पकड कमी. वाफेची इस्त्री किंवा छोटा स्टीमर, हेअर ड्रायर. ग्लूसाठी निओप्रीनवाला ब्रशने लावायचा कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, म्हणजे दोन्हीकडे लावून थोडा सुकल्यावर टेकवायचा ग्लू, घ्या आणि डब्यावर तो किती तापमान सोसतो ते वाचूनच घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा हात टेकवत नाही इतका तापतो, सत्तर डिग्रीच्या आसपास सहज जातो, त्यामुळे कागद आणि थर्माकोल चिकटवायचा साधा स्प्रे इथे पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो आणि सगळी मेहनत खाली लोंबायला लागते.

कापडाचं म्हणाल तर गाडीत मूळ जे होतं तेच शोधा. बारीक भोकांचं व्हायनिल असेल तर तेच, लोकरी ब्रॉडक्लॉथ म्हणजे घट्ट विणीचं गुळगुळीत कापड असेल तर तेच. व्हायनिल गरम केलं की मऊ होतं, ताणता येतं, पुसता येतं, म्हणून नवख्याला सोपं जातं. लोकरीचं कापड वाफेवर छान बसतं पण ग्लूचा एक थेंब पुढच्या बाजूला आला की डाग कायमचा. तिसरं कुठलंतरी सोफ्याचं जाड कापड वापरायचा मोह होतो, ते करू नका, वजनाने झोळ येतो आणि कोपऱ्यात वळत नाही.

मॉडेलप्रमाणे तयार शिवलेला सेट मिळत असेल तर तोच घ्या, माझं स्पष्ट मत आहे. नसेल मिळत तर जुनं उसवून त्यावरून शिवून घ्यायचं, त्याचं खाली सांगतो.

काढताना घाई नको

बॅटरीची वायर काढा, कारण छताचा दिवा काढायचा आहे आणि पुढे सॉल्व्हंटच्या वाफेत ठिणगी नको. मग सन व्हायझर, आतला आरसा, दिवा, कपडे अडकवायचे हुक, हँडल, सीट बेल्टचे वरचे बोल्ट, खांबांवरची कव्हरं, दाराच्या कडेची कापडी पायपिंग म्हणजे विंडलेस, आणि दाराचं रबर जिथे लायनिंगच्या कडेवर येतं तिथलं. प्रत्येक गोष्टीचे स्क्रू वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. पुढची सीटं काढलीत तर मान आणि पाठ दोन्ही वाचतील.

आता काचा. बऱ्याच जुन्या गाड्यांत लायनिंगची पुढची आणि मागची कड काचेच्या रबराखाली दाबलेली असते, बीटलमध्ये तर तशीच आहे, म्हणजे पुढची-मागची काच काढल्याशिवाय काम नीट होत नाही. काच न काढता कड रबरात खुपसून काम भागवणारे आहेत, पण ती कड काही महिन्यांत सरकून बाहेर येते आणि तिथूनच सुरकुती सुरू होते. काच काढताना रबर जुनं कडक झालं असेल तर ते कापूनच काढा, नवीन रबर परवडतं, काच नाही मिळत. पुढची लॅमिनेटेड काच जरा पिळवटली तरी तडकते, म्हणून एका कोपऱ्यातून जोर लावून ढकलू नका, दोघांनी मिळून पूर्ण वरच्या कडेला सारखा दाब द्या.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. जुनं लायनिंग ओरबाडून काढू नका. ते कितीही फाटकं, कळकट असो, तुमच्या गाडीचा नकाशा तेच आहे. आधी फोटो काढा, विशेषतः कोपऱ्यांचे, मागच्या खांबाशी कापड कसं वळवलंय, कुठे चिरा दिल्यात, कुठली कड कुठल्या कडेच्या वर आहे. मग कडा सोडवत जा, स्टेपल असतील तर एकेक काढा, दातेरी पट्टी असेल तर त्या दातांतून कापड उचकटून घ्या, दात वाकवू नका कारण नवीन कापड तेच धरणार आहेत.

कडा सुटल्या की लायनिंग फक्त सळ्यांवर लोंबतं. इथे थांबा आणि मार्कर घ्या. पुढून सुरू करून पहिल्या सळीला १, पुढची २, असे नंबर टेपवर लिहून चिकटवा, आणि डावं टोक कुठलं तेही लिहा. बाजूच्या पट्टीत एकाच सळीसाठी दोन-तीन भोकं एकाखाली एक असतात बऱ्याचदा, त्यातल्या कुठल्या भोकात टोक होतं ते भोकाशेजारी खूण करून ठेवा. काही गाड्यांत सळ्यांच्या टोकांना कारखान्यातूनच रंगाचे ठिपके असतात, गंजाखाली दडलेले, ओल्या फडक्याने पुसून बघा. हे सगळं मी इतकं घोळवून सांगतोय कारण पहिल्या गाडीच्या वेळी मी हे केलं नव्हतं, सळ्या ओढून काढल्या आणि एकत्र भिंतीला टेकवून ठेवल्या, नुसत्या बघितल्या तर सगळ्या सारख्याच दिसतात पण वाक थोडा थोडा वेगळा असतो, आणि नवीन लायनिंग टांगल्यावर तिसऱ्या शिवणीशी फुगवटा आणि चौथ्याशी झोळ, ते का होतंय हे कळायला माझ्या दोन अख्ख्या संध्याकाळी गेल्या.

सळी काढताना मधोमध धरून एका बाजूला फिरवायची, ती आडवी पडते, टोक आपोआप भोकातून निघतं. सरळ खाली ओढून वाकवू नका. आणि सगळ्यात मागची सळी नीट बघा, काही गाड्यांत तिला मागच्या पत्र्याला ओढून धरणारे दोन तारेचे हुक असतात किंवा पत्र्याचे छोटे कान असतात. ही सळी म्हणजे खुंटा आहे. बाकी सगळ्या सळ्या भोकांत फिरू शकतात, त्या उभ्या राहतात त्या फक्त पुढे-मागे असलेल्या कापडाच्या ताणामुळे, आणि तो ताण या खुंट्याला बांधलेला असतो. हे हुक हरवले आणि तुम्ही पुढून कापड ओढलंत तर सगळ्या सळ्या पुढे झुकतात आणि मागे झोळ पडतो, मग कितीही ताणा.

उघडं छत परत दिसणार नाही

लायनिंग निघालं की वर जुनी तागाची नाहीतर काचतंतूची गादी असते, ती भुसा झालेली असते. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच काढा, ती धूळ छातीत नको जायला. मग जुना ग्लू खरवडून, सॉल्व्हंटच्या फडक्याने कडा अगदी स्वच्छ करा, खिडक्या दारं उघडी ठेवून. जुन्या ग्लूवर नवीन ग्लू लावला की नवा जुन्याला धरतो आणि जुना पत्र्याला सोडतो.

गंज असेल तर ब्रशने घासा, प्रायमर मारा. आणि गंज कुठून आला ते शोधा, नुसता रंग मारून पुढे जाऊ नका. बाहेरून पाण्याचा पाइप धरा आणि आत एकाला टॉर्च घेऊन बसवा, पन्हाळीचा जोड, अँटेनाचं भोक, सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या, काचेच्या चौकटीचा वरचा कोपरा. नवीन लायनिंगवर पाण्याचा तपकिरी नकाशा उमटला तर तो पुसून जात नाही.

आवाज आणि उष्णता कमी करायला आत्ताच करायचं ते करून घ्या. छताचा पत्रा ढोलासारखा वाजतो, त्याला मधल्या भागात ब्युटिलच्या म्हणजे चिकट रबरी पट्ट्या लावल्या की पुरतं, पूर्ण छत मढवायची गरज नाही, पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी टकटक मारल्यावर आवाजातला फरक लगेच कळतो. त्यावर पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम, तोही उष्णता सोसणाऱ्या ग्लूने. जाडी मात्र सळी आणि पत्र्याच्या मधल्या जागेपेक्षा कमीच हवी, नाहीतर फोम सळीला खाली ढकलतो, आणि सळ्यांची भोकं चुकूनही झाकू नका.

दिव्याची वायर तपासा, जुनं इन्सुलेशन तडकलं असेल तर आत्ताच बदला. आणि छताला, खांबांना जिथे जिथे स्क्रू लागणार, व्हायझर, आरसा, हुक, तिथे जुनेच स्क्रू दोन आटे फिरवून लावून ठेवा. नंतर कापडावरून हात फिरवला की स्क्रूचं डोकं बोटाला लागतं. हे न केल्यामुळे व्हायझरचं भोक शोधत नवीन कापडाला दाभणाने चाळण केलेली मी बघितलीय. कडेची टाचायची पट्टी सडली असेल, ओली होऊन फुगली असेल, तर तीही आत्ताच बदला.

शिवून घेणार असाल तर

जुन्या लायनिंगचे तुकडे उसवायच्या आधी प्रत्येकावर नंबर, पुढची बाजू दाखवणारा बाण आणि मधली रेषा काढा. दोन शिवणींमधलं अंतर जुन्याइतकंच ठेवायचं, एक मिलिमीटरही मनाने वाढवायचा नाही, पण बाहेरच्या चारी कडांना ५ ते ७ सेंटीमीटर जास्तीचं ठेवा. नेफ्याची खोलीही जुन्याइतकीच, नेफा एक सेंटीमीटर खोल झाला की लायनिंग तिथे एक सेंटीमीटर खाली लोंबतं. नेफ्याला पातळ, न ताणणारं सुती कापड घ्या. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलीने कुजतो. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा, व्हायनिलवर बारीक टाके घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि ताणलं की तिथूनच फाटतं. लोकरी कापडाची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला हवी, एक तुकडा उलटा लागला तर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो, आणि हे शिवताना नाही, गाडीत बसवल्यावर उजेडात दिसतं.

टांगणं

सेट घडी घालून आलेला असेल तर आदल्या दिवशी उघडून पसरून ठेवा. व्हायनिल असेल तर अर्धा-पाऊण तास उन्हात, घड्या बऱ्याचशा आपोआप जातात. लोकरीच्या कापडाला मागून वाफ द्या. सीटांवर, डॅशबोर्डवर स्वच्छ चादरी टाका आणि हात साबणाने धुऊन या, दर थोड्या वेळाने परत धुवा, कारण फिक्या कापडावर हाताचे काळे ठसे उमटले की ते नेमके डोळ्यांसमोर येतात.

सळ्या घासून, गंजरोधक रंग मारून, पूर्ण वाळवून घ्या. ओल्या रंगाची सळी ओवलीत तर नेफा चिकटेल. टोकांना प्लास्टिकच्या टोप्या होत्या तर त्या परत लावा, नसतील तर टेपचा एक वेढा द्या, नाहीतर खड्ड्यात गाडी गेली की कुईकुई वाजतं. मग नंबरप्रमाणे सळ्या नेफ्यात ओवा. प्रत्येक सळीचा मध्य आणि लायनिंगचा मध्य खडूने जुळवा, दोन्ही बाजूंना सळी सारखी बाहेर आली पाहिजे. लायनिंगच्या पुढच्या आणि मागच्या कडेला मधोमध छोटी खाच द्या, पत्र्यावरही मधली खूण करा, पुढे सगळं या दोन खुणांवरच चालतं.

आता मागून सुरुवात. मागची सळी तिच्या भोकांत, हुक अडकवा, मग तिच्या पुढची, असं करत पुढे या. एकाने टोक भोकात घालायचं, दुसऱ्याने लायनिंग खालून तळहातांवर उचलून धरायचं, वजन सळीवर येऊ द्यायचं नाही. सगळ्या लागल्या की लायनिंग मांडवाच्या कनातीसारखं लोंबतं आणि बघून धीर सुटतो, बहुतेकांचा इथे सुटतो, पण ते तसंच दिसायला हवं आहे.

पहिला ताण पुढे-मागे. मागच्या कडेला मधली खूण जुळवून एक चिमटा, मग पुढच्या कडेला मधोमध धरून ओढा आणि चिमटा. किती ओढायचं? शिवणीकडे बघा. बाजूने बघितलं तर सळ्या सरळ उभ्या दिसल्या पाहिजेत, पुढे झुकल्या तर पुढून जास्त ओढलंय, मागे झुकल्या तर कमी. मधून कोपऱ्यांकडे चिमटे लावत जा, एक डावीकडे, एक उजवीकडे.

मग बाजू. इथे नियम एकच, आधी शिवणीवर ओढायचं, मग दोन शिवणींच्या मधे. शिवण जिथे कडेला येते तिथे कापड धरून सरळ खाली ओढा आणि चिमटा लावा, समोरच्या बाजूला तीच शिवण तशीच. सगळ्या शिवणी सरळ दिसायला लागल्या की मधले भाग. तिरपं ओढलं की तिरपी सुरकुती येते आणि ती घालवायला माणूस शेजारी अजून तिरपं ओढतो, मग ती जाळी सबंध बाजूभर पसरते. असं झालं तर त्या बाजूचे सगळे चिमटे काढा आणि शिवणीपासून परत सुरू करा, तेच लवकर होतं.

सळीच्या टोकाशी, कडेच्या जरा वर, पंख्यासारख्या बारीक सुरकुत्या येतात, त्या ओढून जात नाहीत. तिथे नेफा लांब आहे आणि तो कापडाला कडेकडे जाऊ देत नाहीये. हात आत घालून नेफ्याचं टोक एक सेंटीमीटर कापा, परत ओढा, बघा, गरज असेल तर अजून एक सेंटीमीटर. फक्त नेफा कापायचा, लायनिंगची शिवण नाही, आणि एकदम पाच सेंटीमीटर कापू नका, कारण मग तिथे सळीला धरायला काही उरत नाही आणि कापड खाली येतं. ही एवढीशी कात्री चालवणं म्हणजे या कामातली सगळ्यात हळवी जागा आहे, कापल्यावर कापड सुटून अलगद सपाट होतं ते डोळ्यांसमोर दिसतं, मला आजही ते बघायला फार आवडतं.

चिमट्यांवर पूर्ण बसलं की व्हायनिलला हेअर ड्रायरने किंवा वाफेने हळूहळू ऊब द्या आणि परत एक फेरी ताणा. हीट गन वापरायचीच तर कमीवर, लांबून, सतत हलवत, एका जागी थांबली तर पोत वितळून चकचकीत डाग पडतो. मग शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कापड थोडं सैल झालेलं असतं, परत एकदा ताणा. ग्लूच्या आधी हे सैल होणं होऊन जायला हवं.

आता ग्लू

थोडा थोडा भाग घ्या. एका जागचे चार-पाच चिमटे काढा, कापड मागे दुमडा, पत्र्याच्या ओठाला आणि कापडाच्या पाठीला दोन्हीकडे पातळ हात मारा, जाड नको, जाड थर व्हायनिलच्या भोकांतून पुढे येतो. बोट लावल्यावर चिकटत नाही इतपत सुकू द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं, डब्यावर लिहिलं असेल ते खरं. मग कापड आधी ओढायचं, मग टेकवायचं, कारण टेकलं की धरतं. चुकलं तर लगेच हळू उचला, नाही उचललं तर ऊब देऊन उचला. खिडक्या उघड्या ठेवा, सिगारेट, हीटर काही जवळ नको, आणि ओल्या ग्लूच्या जवळ हीट गन तर अजिबात नको.

क्रम तोच जो चिमट्यांचा होता, मागचा मध्य, पुढचा मध्य, मग बाजूंच्या शिवणी, मग मधले भाग, शेवटी कोपरे. दातेरी पट्टी असेल तर तिथे ग्लूच्या ऐवजी चपट्या बोथट पट्टीने कापड दातांमागे सारायचं.

कोपऱ्यात आणि गोलाईवर चिरा द्याव्या लागतात नाहीतर कापड वळत नाही. चीर कडेपासून आत, सरळ, आणि दिसणाऱ्या रेषेच्या एक सेंटीमीटर आधी थांबायची. ताणल्यावर चीर स्वतःहून थोडी पुढे सरकते म्हणून हे अंतर. आतल्या गोलाईला साध्या चिरा, बाहेरच्या गोलाईला जिथे कापड जमा होतं तिथे व्ही आकाराचे छोटे तुकडे काढून टाकायचे. मागच्या खांबाशी, जिथे छताचं कापड आणि खांबाचं कापड भेटतं, तिथे जुने फोटो उघडून बसा, कुठलं वर कुठलं खाली ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं.

जास्तीचं कापड अजून कापू नका. एक-दोन दिवस जाऊ द्या, एकदा उन्हात गाडी तापू द्या, काही ढिलं पडलं तर परत धरायला कापड हवं. मग दीड-दोन सेंटीमीटर ठेवून बाकीचं कापा, नवीन पात्याने. ग्लू जिथे कोपऱ्यात सुटायचा प्रयत्न करत असेल तिथे चिमटा राहू द्या.

भोकं आणि परत जोडणी

हात फिरवून स्क्रूची डोकी शोधा. आधी सगळी शोधा, टेपचे तुकडे लावा, व्हायझरची दोन्ही बाजूंची सारखी येतात का बघा आणि मगच भोक करा. व्हायनिलला तापवलेल्या दाभणाचं टोक टेकवलं तर कड वितळून पक्कं गोल भोक होतं, कापडात आधी भोक न करता स्क्रू फिरवला तर तो धागा गुंडाळत जातो आणि लांबवर रेघ ओढली जाते. दिव्यासाठी मधोमध छोटी फुली, दिव्याच्या चौकटीपेक्षा बरीच लहान, वायर बाहेर ओढा आणि चौकटीने कड झाकली जाते ना ते बघूनच गरजेपुरती वाढवा. हे काम सगळं ताणून चिकटल्यावरच करायचं, आधी केलं तर ताणामुळे भोक सरकतं.

विंडलेस आणि दाराचं रबर कडेवर नीट बसवा. काचेला नवीन रबर चढवा, रबराच्या खोबणीत सबंध गोल गुळगुळीत दोरी घाला, दोन्ही टोकं खाली मधोमध आत सोडा, चौकटीला साबणाचं पाणी लावा, बाहेरून एकाने तळहाताने दाबायचं आणि आतून दुसऱ्याने दोरी हळूहळू ओढायची, रबराचा ओठ दोरीबरोबर चौकटीच्या आत येतो. ओढताना लायनिंगची कड आत गोळा होत नाहीये ना यावर तिसरी नजर हवी. साबणाचं पाणी बेतानेच, कापडात मुरू देऊ नका.

बोर्डवालं लायनिंग

इथे कापड लोंबतं ते कापडामुळे नाही, मागच्या पॉलियुरेथेन फोममुळे. उष्णता आणि दमटपणाने तो फोम कुजून पिठासारखा होतो, कापड आणि ग्लू दोन्ही शाबूत असतात पण मधलं काही उरत नाही. म्हणून सुईने ग्लू टोचून किंवा टाचण्या लावून ते टिकत नाही. बोर्ड न मोडता दारातून किंवा मागच्या काचेच्या बाजूने बाहेर काढा, कापड सोला, आणि उरलेला फोम मऊ ब्रशने पूर्ण झाडून काढा. तारेचा ब्रश नको, बोर्डचा पृष्ठभाग उखडतो. हे झाडणं कंटाळवाणं आहे पण निम्मा टिकाऊपणा इथेच ठरतो. मोडलेल्या कडेला मागून फायबरग्लास आणि रेझिन लावा. नवीन कापड ३ मिलिमीटर फोमवालंच घ्या, नुसतं कापड लावलं तर बोर्डची प्रत्येक खडबड वर दिसते. कापड बोर्डवर पसरून अर्धं दुमडा, उष्णता सोसणारा स्प्रे दोन्हीकडे मारा, सुकू द्या, आणि मधल्या रेषेपासून बाहेर तळहाताने बसवत जा, खोलगट भाग आधी, तिथे कापड भरपूर सोडत. ताणून खोलगट भागावरून पूल बांधलात तर तो पहिल्या उन्हात सुटणार. मग दुसरा अर्धा, आणि कडा मागे वळवून चिकटवा.

पुढचे आठ-दहा दिवस गाडी उभी असताना काचा थोड्या खाली ठेवा, ग्लूचा वास आणि वाफ निघून जाऊ दे. उरलेल्या कापडातून व्हायझर मढवून घ्या, रंग नंतर जुळत नाही. जुनं लायनिंग मात्र गुंडाळून, त्यावर सळ्यांचे नंबर लिहून, माळ्यावर ठेवा. आणि एकदा पाण्याचा पाइप छतावर पाच मिनिटं धरून आतून सबंध कडेवर बोट फिरवा, ओल लागली तर त्याच दिवशी त्या कोपऱ्याचं रबर उचलून बघा.